नाव ‘सार्वत्रिक’, कुलूप एकाचे: यूएमडी चकतीचा धडा

🧵 १/९
गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला तेथे हजारो गोंड भाविक जमतात आणि पारी कुपार लिंगोची गाथा पुन्हा सांगितली जाते. ही गाथा टिकली, कारण तिला कुलूप नव्हते. ज्याने ऐकली, त्याला ती पुढे सांगता आली. कुलूपबंद स्मृतीचे काय होते, हे मात्र वीस वर्षांपूर्वीची एक चकती सांगते.

२/९
१२ डिसेंबर २००४ रोजी सोनीने जपानमध्ये ‘प्लेस्टेशन पोर्टेबल’ हा हातात मावणारा खेळसंच आणला. त्याची चकती म्हणजे ‘युनिव्हर्सल मीडिया डिस्क’, अर्थात यूएमडी. व्यास ६० मिलिमीटर, दोन थरांत क्षमता १.८ जीबी, भोवती प्लॅस्टिकचे कवच. नाव ‘सार्वत्रिक’, पण चालणार एकाच कंपनीच्या एकाच संचात!

३/९
कोरी यूएमडी ग्राहकांसाठी बाजारात कधी आलीच नाही, ती लिहिणारे यंत्रही आले नाही. २००९ च्या ‘पीएसपी गो’मधून चकतीची जागाच काढून टाकण्यात आली. २०११ च्या ‘व्हिटा’तही ती नव्हती. जुनी चकती दाखवून सवलतीत डिजिटल प्रत घेण्याची सोय झाली, तीही केवळ जपानपुरती.

४/९
‘परदेशी खेळणे बुडाले, आपल्याला काय?’ असे म्हणणाऱ्यांनी थोडे थांबावे. मुंबईच्या ट्राइन गेम्सने घडवलेला ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ (२०१०) याच संचासाठीही निघाला होता. हैदराबादच्या गेमशास्त्रने ‘देसी अड्डा’मध्ये कबड्डी, पतंगबाजी आणि विटीदांडू आणले. गोंदियाच्या गावागावांतली पोरे जो खेळ मातीत खेळत आली, तो भारतीय हातांनी पडद्यावर मांडला जात होता, त्या काळाचे हे पुरावे आहेत.

५/९
‘खेळ म्हणजे पोरखेळ, त्यांचा कसला इतिहास?’ हा आक्षेप तर अधिकच पोकळ. मोहेंजोदडोचे फासे संग्रहालयाच्या काचेआड मानाने ठेवले जातात. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा फासा पुरावा ठरतो. मग २०१० चा खेळ कचरा कसा?

६/९
हीच चूक आपण चित्रपटांच्या बाबतीत केली आहे. ‘आलम आरा’ (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज ज्ञात नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले १९६४ साली. तोवर अनेक रिळे कायमची गेली होती.

७/९
आता कायदा पाहा. १९५४ च्या ग्रंथ वितरण कायद्याने प्रकाशकाला कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत द्यावी लागते. त्यात नकाशे आणि संगीतलिपीची पानेही येतात. खेळाची चकती येत नाही.

८/९
स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२(१)(न) नुसार ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी डिजिटल प्रत करता येते. अट अशी की, मूळ ‘अ-डिजिटल’ प्रत हाती असावी. जी कृती जन्मतःच डिजिटल, तिला ही सवलत कशी मिळणार? कागदासाठी बेतलेला अंगरखा चकतीला घालण्याचा हा प्रकार आहे.

९/९
‘हौशी मंडळींनी प्रती काढून ठेवल्याच आहेत’ हे समाधान फसवे आहे. चोरवाटेने आलेल्या प्रतीचा मूळ स्रोत कोण तपासणार आणि सार्वजनिक ग्रंथालय ती उघडपणे कशी ठेवणार? खेळाच्या प्रती ग्रंथालयांत जमा होणे आणि ‘अ-डिजिटल’ ही अट जाणे, या दोन दुरुस्त्या आवश्यक आहेत. यंत्रांतील लेझर भिंगे झिजत आहेत, चकत्यांची कवचे तडकत आहेत. कचारगडची गाथा माणसांच्या कंठात राहिली म्हणून वाचली. चकतीला कंठ नाही, तिला कायदाच वाचवू शकतो.

#इतिहास #मराठी #थ्रेड