सोलापूरचे मास्तर आणि कोलकात्याचे सभागृह

'विरोधी सदस्य जागा सोडून पुढे येतात. (गोंधळ.) अध्यक्ष : शांत राहा, शांत राहा.'

कोलकात्यातल्या एका मराठी घरातल्या नववीच्या मुलीला या आठवड्यात शाळेतून मिळालेल्या सहा पानी संहितेतली ही ओळ. शाळेची युवा संसद जवळ आली आहे आणि तिच्याकडे विरोधी पक्षनेत्याचे काम आले आहे. म्हणजे चार वाक्ये, एक सभात्याग आणि कंसातला तो गोंधळ. प्रश्न शिक्षकांनी लिहिलेले, मंत्र्यांची उत्तरेही त्यांचीच. मुलीने घरी विचारले, मंत्र्याचे उत्तर चुकीचे असेल तर मी काय बोलायचे? सहा पाने चाळून झाली, त्यात याचे उत्तर नव्हते.

युवा संसदेला या स्तंभाचा विरोध नाही. केंद्राच्या संसदीय कार्य मंत्रालयाने १९६६-६७ मध्ये दिल्लीच्या शाळांतून ही स्पर्धा सुरू केली. पश्चिम बंगालमध्ये राज्याचा संसदीय कार्य विभागही शाळा-महाविद्यालयांसाठी अशी स्पर्धा घेतो. लाजरी मुले उभी राहतात, बोलतात, हे चांगलेच. राग आहे तो संहितेचा. मुलांनी शोधायच्या गोष्टी आधीच शोधून, टंकून, कंसासकट हातात ठेवल्या जातात.

एस्प्लनेडला मेट्रोतून वर आल्यावर राणी रासमणी अॅव्हेन्यूवर कुठली ना कुठली सभा किंवा धरणे बहुतेकदा चालू असते. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर गव्हर्नर जनरल वेलस्लीने बांधलेले जुने गव्हर्नमेंट हाउस, जवळच विधानसभा, त्यापुढे उच्च न्यायालय. सरकार म्हणजे काय ते पायी फिरून दाखवता येईल असा हा भाग आहे. मराठी वाचकाने इथे थांबावे याला आणखी एक कारण आहे. राजधानी कोलकात्यात होती तेव्हा व्हाइसरॉयचे कायदेमंडळ याच गव्हर्नमेंट हाउसमध्ये भरे, आणि २६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले अर्थसंकल्पावरचे आपले पहिले भाषण करायला तिथेच उभे राहिले. वय ३५. समोर व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन.

त्या सभागृहाचे नियम आजच्या कुठल्याही युवा संसदेपेक्षा जाचक होते. १८९२ च्या कायद्याने अर्थसंकल्पावर बोलता येई, मत देता येत नसे. प्रश्न विचारता येई, उपप्रश्न नाही. सरकारपाशी शिल्लक भरपूर होती आणि तिचे कौतुक चालले होते. गोखल्यांनी त्या कौतुकात भाग घेतला नाही. शिल्लक उरते ती लोक सुखी आहेत म्हणून नव्हे, कर गरजेपेक्षा जास्त आहेत म्हणून, हे त्यांनी सरकारचेच आकडे घेऊन मांडले आणि मिठावरचा कर कमी करण्याची मागणी केली. पुढच्याच वर्षी मिठाचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. प्राप्तिकरातून सुटणाऱ्या उत्पन्नाची मर्यादा ५०० वरून १००० रुपये झाली. हे सगळे एका भाषणाने घडले असे कोणी म्हणणार नाही. पण मत नसलेल्या माणसाच्या हाती आकडे असले तर सरकारला त्याचे ऐकून घ्यावे लागते, एवढे त्या दिवशी दिसले.

हे आकडे वाचायला गोखल्यांना कोणी शिकवले? न्यायमूर्ती रानड्यांचे नाव सगळे घेतात, आणि ते योग्यच आहे. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या कामात सरकारी अहवाल वाचणे, टिपणे काढणे, अर्ज लिहिणे ही तालीम त्यांनी रानड्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे केली. दुसरे नाव मात्र मागे पडले आहे. सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी सरकारी शाळेत मुख्याध्यापक होते. हिंदुस्थानच्या जमाखर्चाची त्यांना असलेली जाण थक्क करणारी होती. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गोखले विलायतेला गेले, तेव्हा त्या साक्षीच्या तयारीत रानड्यांबरोबर जोशींचाही मोठा वाटा होता. साक्ष उत्तम झाली. त्याच वर्षी पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्ताबद्दल ऐकीव माहितीवर केलेले आरोप मात्र सिद्ध करता आले नाहीत आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. पुराव्यासह बोलणे आणि पुराव्याविना बोलणे, दोन्हींचे फळ एकाच वर्षात.

त्या शाळामास्तरांनी आपल्या शिष्यवत माणसाला आकडे दिले, ते पडताळायला शिकवले.  नववीतल्या मुलीला सहा पाने देणारे शिक्षकही कष्टाळूच असणार, वेळ काढून त्यांनी ती लिहिली आहेत. तेवढ्याच वेळात राज्याच्या अर्थसंकल्पातले शिक्षण खात्याचे एक पान वर्गात वाचता आले असते.

 अर्थसंकल्पाची पुस्तके शाळेत आली पाहिजेत.

गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला तेव्हा नव्या सभासदाला पाच वर्षे शिक्षणाची अट घातली. सार्वजनिक कामाआधी तालीम हवी, हा विचार आणखी एका मराठी माणसाने पुढे नेला, आणि त्याचेही नाते एस्प्लनेडशी आहे. जुलै १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेवर निवडून गेले ते मुंबईतून नव्हे, बंगालमधून. बंगालमधले दलित नेते जोगेंद्रनाथ मंडल यांच्या पाठबळाने, इथल्या विधानसभेच्या सदस्यांच्या मतांवर. दहा वर्षांनी, १९५६ च्या जुलैत, त्यांनी मुंबईत राजकारणात येऊ पाहणाऱ्या तरुणांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थी होते. डिसेंबरात बाबासाहेब गेले आणि पुढच्या वर्षी ती शाळा बंद पडली. ती चालू राहिली असती तर आज सत्तरीच्या घरात असती, ही हळहळ या स्तंभाला कधीच सोडत नाही.

आज काहीच नाही असे नाही. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा राज्यशास्त्र आणि लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग भरवते. मुले खरे कामकाज पाहतात. महाराष्ट्र सरकारची मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये थांबली, २०२३ मध्ये परत आली. पीआरएस या संशोधन संस्थेची लॅम्प फेलोशिप पदवीधरांना वर्षभर एका खासदाराबरोबर काम देते. यांतले एकही दार नववीतल्या मुलीसाठी उघडत नाही, आणि फेलोशिपची दारे तर मोजक्यांनाच उघडतात.

सर्वांना उघडे असलेले दार बंगालने गावात ठेवले आहे. त्याचे नावही संसदच : ग्राम संसद. मतदारसंघातला प्रत्येक मतदार तिचा सदस्य. मे आणि नोव्हेंबरमध्ये ती भरते आणि पंचायतीचा जमाखर्च तिच्यापुढे येतो. गणपूर्ती एक दशांश. महाराष्ट्रात हे काम ग्रामसभा करते. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, मतदार यादीत नाव असलेल्या विद्यार्थ्याला तिथे कोणाची निवड, मुलाखत, शिफारस लागत नाही. तरी कुठल्याही महाविद्यालयाने ग्रामसभेतल्या हजेरीला प्रात्यक्षिक म्हणून गुण दिल्याचे या स्तंभाच्या पाहण्यात नाही. युवा संसदेच्या अभिनयाला मात्र गुण मिळतात.

मुलीच्या शाळेत शनिवारी तालीम आहे. तोवर तिने राज्याच्या अर्थसंकल्पातले शालेय शिक्षणाचे पान उतरवून घेतले आहे. त्यातून एक प्रश्न काढून कंसातल्या गोंधळाच्या जागी तो विचारायची परवानगी ती शिक्षकांकडे मागणार आहे. त्यांनी ती द्यावी, आणि मंत्री झालेल्या मुलाला उत्तर शोधायला दोन दिवसही द्यावेत.