रेईस मागोसचं चर्च पांढरंच राहू दे

मालीमहून बोट बाहेर काढली की उजव्या हाताला, किल्ल्याच्या पायथ्याशी रेईस मागोसचं चर्च दिसतं. १५५५ सालचं. पहाटे मासळी घेऊन मांडवीत शिरताना आपली नजर आधी त्या पांढऱ्या भिंतीवरच जाते. जीपीएस आहे हो, पण खूण ती खूण!

आमचं म्हणणं एवढंच, दुरुस्ती जरूर करा, पण सिमेंट नको. चिऱ्याला चुन्याचाच गिलावा हवा. सिमेंट ओल आत कोंडतं आणि चिरा झिजत जातो. रंगही पांढराच ठेवा. नदीच्या बाजूला उंच बांधकाम, मोठे फलक नकोत.

६ जानेवारीच्या तीन राजांच्या फेस्ताला आपण जातोच. ग्रामसभेलाही जाऊया. वेरे-बेतीच्या बोटमालकांनी तिथे हे बोलायलाच हवं.