‘कच्चे’ घर म्हणजे नेमके कोणते? शेंद्र्याच्या निमित्ताने माळवदाचा इतिहास

१/ जनगणनेच्या वर्गीकरणात मातीची भिंत ‘तात्पुरत्या’ साहित्यात मोडते आणि धातूचा पत्रा ‘कायमस्वरूपी’ साहित्यात. बोलण्यात आपण यालाच कच्चे आणि पक्के म्हणतो. मराठवाड्यातील घरांचा इतिहास पाहता ही विभागणी अपुरी आहे आणि तिची किंमत दर उन्हाळ्यात माणसे मोजतात, असे माझे मत आहे. कारणे या #थ्रेड मध्ये मांडत आहे.

२/ आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानत: पिकाची ती ‘काळी’, वस्तीची ती ‘पांढरी’. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते; छपराला ती निरुपयोगी. माळवदासाठी लोक पांढरी मातीच शोधत. कित्येकदा ती जुन्या, उठून गेलेल्या वस्तीच्या टेकाडातून येई. पुरातत्त्वज्ञांनाही प्राचीन वस्त्यांचा माग अनेकदा याच ‘पांढरी’ नावाच्या टेकाडांवरून लागला.

३/ माळवदाची रचना अशी: लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, वर किलचण, त्यावर पालापाचोळा, मग मातीचे थर आणि सर्वांत वर पांढरी माती. उजेडाला आणि धुराला वाट म्हणून छतात साणे, पाण्याला पन्हाळ. दोन खांबांमधील अंतराला ‘खण’ म्हणत आणि घराचे माप खणांतच सांगत.

४/ ही रचना इथल्या हवामानाला साजेशी होती. मे महिन्यात दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो, रात्र मात्र बरीच उतरते. दीड-दोन हात जाडीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोहोचायला बरेच तास लागतात. ती पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते आणि घरातील माणसे माळवदावर निजलेली असतात. दुपारी सावली आत आणि रात्री गारवा वर, अशी ही वाटणी होती.

५/ ‘माती टिकत नाही’ या समजाला उत्तर वेरूळला आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि इथल्याच विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश दाखवून दिले. या वनस्पतीचे तंतू चिवट असतात आणि कीटकांना ते मानवत नाहीत. सुमारे दीड हजार वर्षे हा गिलावा तग धरून आहे. त्या कारागिरांना मातीत काय मिसळावे याचे नेमके ज्ञान होते.

६/ मात्र इथेच थांबलो तर ते स्मरणरंजन ठरेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील हजारो माणसे अशाच दगड-मातीच्या घरांखाली गाडली गेली. मराठवाड्यात मातीच्या घराची बाजू मांडणाऱ्याने आधी या पहाटेला उत्तर दिले पाहिजे.

७/ त्या घरांचे दोष पाहणीत स्पष्ट झाले. भिंतीचे आतील आणि बाहेरील थर एकमेकांत बांधणारे आरपार दगड नव्हते. धक्का बसताच थर सुटे झाले. गळती थांबवण्यासाठी माळवदावर नवी माती पडत राहिली, जुनी क्वचितच निघाली. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे सहा-सात टनांचा भार! उलट अनेक ठिकाणी भिंती ढासळूनही लाकडी खणांचा सांगाडा उभा राहिला.

८/ म्हणजे अपराध मातीचा कमी आणि बांधणीचा अधिक. योगायोग असा की मातीची आणि साधी दगडी घरे भूकंपात कशी टिकवावीत, याची आयएस १३८२७ आणि १३८२८ ही भारतीय मानके १९९३ चीच आहेत. कोपऱ्यांची बांधणी, भिंतीभोवतीचे पट्टे, हलके छप्पर हे सारे त्यांत आहे. परंतु भय मानकांपेक्षा वेगाने पसरते. माळवद उतरले आणि वर पत्रा चढला.

९/ तुलनेसाठी कच्छ पाहा. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात बन्नीतील अनेक भुंगे उभे राहिले. त्यांच्या भिंतीही मातीच्याच. पण आकार गोल आणि छप्पर गवताचे, हलके. पुढे कच्छच्या पुनर्वसनात थोडे सिमेंट मिसळून दाबून केलेल्या मातीच्या विटांनी हजारो घरे उभी राहिली.

१०/ आता शेंद्रा. ७ सप्टेंबर २०१९ रोजी ऑरिक औद्योगिक नगरीचे लोकार्पण झाले. शेंद्रा-बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांचा हा पसारा. रस्ते, वीज, पाणी यांचा विचार तिथे बारकाईने झाला. परंतु भोवतालच्या गावांतील भाड्याच्या खोल्यांचे काय? सहा इंची भिंत आणि वर उघडा पत्रा. रात्रपाळी करून आलेल्या कामगाराला झोप नेमकी अशा वेळी घ्यावी लागते, जेव्हा पत्रा सर्वाधिक तापलेला असतो. व्याख्येपुरते ते घर पक्केच.

११/ आक्षेप मला ठाऊक आहेत. माळवदाची आणि सारवणाची वार्षिक मेहनत मुख्यतः घरातील बायकांच्या वाट्याला येई. ती पुन्हा लादू नये. सागवान परवडत नाही. मजले चढवायचे तर जाड भिंती जागा खातात. म्हणून जुने घर जसेच्या तसे परत आणा, असे माझे म्हणणे नाही.

१२/ म्हणणे एवढेच: घराची पारख साहित्याच्या नावावरून न होता त्याच्या वागण्यावरून व्हावी. भूकंपात ते उभे राहते का? मे महिन्यात दुपारी आत किती अंश असतात? इथल्या मुरमाच्या, दाबून केलेल्या विटा, मानकांनुसार पट्टे, हलके पण उष्णता रोखणारे छप्पर आणि पुढे ओसरी: अशा घरकुलाचा नमुना शेंद्र्यात उभारून मोजमापे जाहीर करता येतील. पत्र्याच्या खोल्यांना निदान चुन्याचा पांढरा हात आणि खाली छत, एवढे तर याच उन्हाळ्यात शक्य आहे.

१३/ तुमच्या गावात माळवदाचे घर उरले असेल, तर भिंतीची जाडी, छतातील थर आणि ते घालणाऱ्यांचे शब्द खाली जरूर लिहा. हे ज्ञान ज्यांच्या हातात आहे, ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे.