तेजसची मागची खुर्ची: ९७ विमानांच्या करारातला दुर्लक्षित आकडा

२५ सप्टेंबर २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने हिंदुस्तान एरोनॉटिक्स म्हणजेच एचएएलशी ९७ तेजस मार्क-१ए विमानांचा करार केला. किंमत ६२,३७० कोटी रुपये. दुसऱ्याच दिवशी चंदीगडमध्ये मिग-२१ ला निरोप देण्यात आला. साहजिकच बातम्या त्या निरोपाच्या आणि कोटींच्या आकड्याच्या झाल्या. या गडबडीत एक छोटा आकडा मात्र आपल्या नजरेतून सुटला. या ९७ पैकी ६८ विमानं एक आसनी आहेत आणि २९ दोन आसनी. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजसचा करार झाला होता, तेव्हा दोन आसनी होती फक्त १०. म्हणजे तेव्हा आठातलं एक, आता दहातली तीन.

एक खुर्ची जास्त, त्यात एवढं काय, असं कुणीही विचारेल. पण लढाऊ विमानात दुसरी खुर्ची फुकट मिळत नाही. कॉकपिट लांबतं, वजन वाढतं आणि ही जागा बहुतेक वेळा इंधनाच्या टाकीतून काढावी लागते. अमेरिकेच्या एफ-१६ चंच बघा. त्याच्या दोन आसनी प्रकारात पोटातलं इंधन एक आसनीपेक्षा कमी मावतं. तेजस तर त्याहूनही लहान विमान. मग पल्ला घटवून, पैसे मोजून हवाई दल ही खुर्ची का मागतंय?

पहिलं कारण शिकवण्याचं. मागच्या खुर्चीवर उस्ताद बसतो, पुढे शागिर्द. हात चुकला तर मागून कुणीतरी सावरणारं असतं. ही सोय वेळेवर न मिळाल्याची किंमत आपल्या देशाने मोजली आहे. वेगवान लढाऊ विमानाकडे जाण्याआधी वैमानिकांना शिकवायला आधुनिक प्रशिक्षण जेट हवं, ही शिफारस एअर मार्शल ला फाँतेन यांच्या समितीने १९८२ सालीच केली होती. ब्रिटनच्या हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये आणि ती हवाई दलात दाखल झाली २००८ मध्ये. म्हणजे शिफारशीपासून विमान येईपर्यंत २६ वर्षं गेली! या काळात तरुण मुलं साध्या प्रशिक्षण विमानावरून मिग-२१ सारख्या तापट विमानावर जात राहिली. २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत सांगितलं होतं की, घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ कोसळली आणि त्यात १७१ वैमानिक गेले. सगळे अपघात शिकण्यातल्या कमतरतेमुळे झाले असं कुणी म्हणणार नाही. त्यात यंत्रातले बिघाड होते, पक्षी धडकणं होतं, विमानांचं वय होतं. पण प्रशिक्षणाचा दुवा निखळलेला होता, हे सरकारच्याच समितीला १९८२ मध्ये दिसलं होतं.

दुसरं कारण थेट लढाईचं आहे. त्यासाठी फार लांब जायला नको, आपल्या नाशिकजवळच्या ओझरला जाऊ या. एचएएलच्या तिथल्या कारखान्यात दोनशेहून अधिक सुखोई-३० एमकेआय तयार झाली. २००२ मध्ये हे विमान हवाई दलात आलं तेही पुण्याच्या लोहगाव तळावर. आज आपल्या ताफ्यात सर्वाधिक संख्या त्याचीच आहे आणि हा सगळा ताफा दोन आसनी आहे. पुढचा माणूस विमान उडवतो. मागचा रडार बघतो, लक्ष्य ठरवतो, शत्रूच्या रडारचा गोंधळ उडवण्याची यंत्रणा चालवतो, क्षेपणास्त्रं हाताळतो. अडीच टनांचं ब्रह्मोस पोटाखाली घेऊन कित्येक तास उडायचं असेल, तर ही सगळी कामं एकाच डोक्यावर टाकणं सोपं नाही. फ्रान्सच्या हवाई दलानेही अण्वस्त्र वाहून नेण्याची जबाबदारी राफेलच्या दोन आसनी प्रकारावर दिली आहे.

मागच्या खुर्चीवरचा माणूस म्हणजे नुसता मदतनीस, असा एक समज असतो. व्हिएतनाम युद्धात सर्वाधिक शत्रूविमानं पाडण्याचं श्रेय ज्या अमेरिकन अधिकाऱ्याच्या नावावर जमा आहे, तो चार्ल्स डीबेलव्ह्यू विमान चालवतच नव्हता. तो फँटम विमानात मागे बसायचा. त्याच्या नावावर सहा विमानं आहेत. त्याच्यासोबत अनेकदा पुढे बसणाऱ्या स्टीव्ह रिची या वैमानिकाच्या नावावर पाच.

तरीही गेली तीसेक वर्षं वारं उलट दिशेने वाहत होतं. एफ-२२ चा दोन आसनी प्रकार अमेरिकेने १९९६ मध्येच रद्द केला. एफ-३५ तर हजाराहून जास्त बनली, त्यात दोन आसनी एकही नाही. तिथला शागिर्द आधी जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये शिकतो आणि पहिल्याच दिवशी एकटा उडतो. मागच्या माणसाचं बरंचसं काम संगणक करतो. सगळ्या सेन्सरची माहिती एकत्र करून वैमानिकाच्या हेल्मेटमध्ये दाखवतो. एक आसनीच्या बाजूने आणखी एक हिशेब आहे, तो कठोर आहे पण टाळता येत नाही. जुलै २०२५ मध्ये राजस्थानातल्या चुरू जिल्ह्यात दोन आसनी जॅग्वार कोसळलं, तेव्हा एकाच अपघातात दोन घरं उजाड झाली. (ही जॅग्वार विमानं आपल्याकडे १९७९ मध्ये आली, तेव्हा हवाई दलप्रमुख होते हैदराबादचे इद्रिस हसन लतीफ. पुढे ते महाराष्ट्राचे राज्यपालही झाले.)

मग आता वारं पुन्हा का फिरलं? उत्तर चीनकडे आहे. ३ सप्टेंबर २०२५ च्या बीजिंगमधल्या संचलनात जे-२०एस हे विमान उडालं. रडारला चुकवणारं हे जगातलं पहिलं दोन आसनी लढाऊ विमान. त्यातली मागची खुर्ची शिकवण्यासाठी नाही. सोबत उडणाऱ्या मानवरहित विमानांना हुकूम देणारा माणूस तिथे बसेल, असा जाणकारांचा अंदाज आहे. एचएएलचा ‘कॅट्स वॉरियर’ प्रकल्पही याच वाटेवरचा आहे. त्यात ड्रोनचं नेतृत्व दोन आसनी तेजसकडे असेल, अशी कल्पना मांडली गेली. गंमत बघा, यंत्रामुळे जी खुर्ची गेली, ती यंत्रांवर नजर ठेवण्यासाठी परत येते आहे. आणि आमच्या मते ती यायलाच हवी. ड्रोनने कुठे मारा करायचा हे ठरवणारा माणूस, विमान सांभाळता सांभाळता उरलेल्या वेळात ते ठरवणारा नसावा.

म्हणून २९ चा आकडा आम्हाला योग्य वाटतो. काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. मिग-२१ गेल्यावर हवाई दलाकडे २९ स्क्वाड्रन उरल्या, मंजूर आहेत ४२. विमानं उशिरा येतात याची चर्चा आपण रोज ऐकतो. पण दोन आसनी विमानाला दुप्पट माणसं लागतात, याची चर्चा कुठे होते? ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरलाच तेजसची तिसरी आणि एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाची दुसरी उत्पादन साखळी सुरू झाली. विमानाच्या बाजूने हालचाल आहे, हे चांगलंच. माणसांच्या बाजूने महत्त्वाचं पाऊल पडलं ते ८ ऑक्टोबर २०२२ रोजी. त्या दिवशी हवाई दलाने अधिकाऱ्यांसाठी ‘वेपन सिस्टीम्स’ ही नवी शाखा जाहीर केली. क्षेपणास्त्रं चालवणारे, दूरनियंत्रित विमानं हाताळणारे आणि सुखोईसारख्या विमानात मागे बसणारे, असे सगळे त्यात येतात. प्रत्येकाला पूर्ण वैमानिक करण्याचा खर्च वाचल्याने सुमारे ३,४०० कोटींची बचत होईल, असं तेव्हा सांगण्यात आलं.

आपल्या घरांत हवाई दल म्हटलं की ‘पायलट’ एवढाच शब्द निघतो आणि चष्मा लागला की विषय संपतो. ही शाखा किती पालकांना माहीत आहे? गणित, भौतिकशास्त्र आणि थंड डोकं ही तिथली पुंजी आहे. एनडीएची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते आणि खडकवासल्याच्या त्या दारातून २०२२ पासून मुलीही आत जात आहेत. ९७ तेजसचा पुरवठा २०२७-२८ मध्ये सुरू होऊन सहा वर्षं चालायचा आहे. करार झाला त्या वर्षी दहावीत असलेलं मूल बारावीनंतर एनडीएत गेलं, तर प्रशिक्षण संपवून साधारण २०३२ मध्ये अधिकारी होईल. तेव्हा त्या २९ पैकी काही विमानं कारखान्यातून बाहेर पडायची असतील.