हे कशाचं आहे बुवा?

बंगळुरूपासून सुमारे ३५ किलोमीटरवर असलेल्या आनेकलची ओळख दोन पिढ्यांना दोन तऱ्हांनी करून द्यावी लागते. जुन्या पिढीसाठी आनेकल म्हणजे रेशमी साड्या विणणारं गाव. नव्या पिढीसाठी आनेकल म्हणजे बोम्मसंद्रा, जिगणी आणि अत्तिबेले या औद्योगिक वसाहतींचा तालुका. एकीकडे मागाची खटखट, दुसरीकडे लेथची घरघर. पण एक गोष्ट दोन्हीकडे मुबलक. हातात घ्यावी, उलटसुलट करून पाहावी आणि शेवटी ‘हे कशाचं आहे बुवा?’ असं विचारावं, अशा वस्तू!

विणकराच्या घरातला धोटाच घ्या. लाकडाचा लांबट तुकडा, दोन्ही टोकांना निमुळता, पोटात पोकळी आणि बाजूला एक बारीक भोक. माग कधीच न पाहिलेल्या मुलाला ती खेळण्यातली होडी वाटेल. टोकाची धातूची टोपी पाहून एखादा त्याला हत्यारही म्हणेल. दोन्ही तर्क चुकीचे, पण होडी म्हणणारा उत्तराच्या बराच जवळ आहे. होडी पाण्यातून सरकावी म्हणून निमुळती असते, धोटा धाग्यांमधून सरकावा म्हणून. त्याच्या पोटात सुताची कांडी बसते, भोकातून धागा बाहेर येतो आणि उभ्या ताण्यातून इकडून तिकडे धावताना धोटा आडवा बाणा सोडत जातो. कन्नडमध्ये त्याला ‘लाळी’ म्हणतात. इचलकरंजीच्या विणकराला कन्नडचा एक शब्द येत नसला, तरी आनेकलमध्ये तो धोटा पाहताक्षणी ओळखेल. कारण त्याला नाव नव्हे, काम माहीत आहे.

आता याहून अवघड कोडं. पुठ्ठ्याची लांबट पानं, प्रत्येकावर ओळीनं भोकं, कुठे जास्त, कुठे कमी, आणि सगळी पानं दोऱ्यानं एकमेकांना जोडून केलेली लांबच लांब माळ. नुसतं एक पान हातात दिलं, तर भले भले गोंधळतील. पण तीच माळ मागाच्या डोक्यावर लटकताना पाहिली की उलगडा होतो. ही जॅकार्डची पानं. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि तिच्याशी जोडलेला ताण्याचा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. साडीच्या पदरावरचा मोर म्हणजे खरं तर या भोकांची यादी! फ्रान्सच्या जोसेफ मारी जॅकार्डनं ही युक्ती १८०४ च्या सुमाराला पक्की केली. पुढे चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी अशीच पानं योजली आणि १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथनं भोकांच्या पत्त्यांवर माणसं मोजली. आता बऱ्याच मागांवर इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलं आहे. पुठ्ठ्याची माळ उतरली, की तिचं सुटं पान पुन्हा कोडंच होऊन बसतं.

यातून पहिला धडा मिळतो. भाग ओळखायचा तर त्याचे शेजारी पाहावेत. दरवाजाशिवाय बिजागरी आणि उलट्या टोकाला काय आहे हे न पाहता एखादा दांडा ओळखायला जाणं म्हणजे अर्धं वाक्य वाचून पत्राचा अर्थ लावणं.

औद्योगिक वसाहतीत तर हे रोजचंच. छोट्या शेडमध्ये कागदावरचा नकाशा येतो, त्यावर मापं असतात, आणि शंभराव्या मिलिमीटरपर्यंत अचूक भाग तयार होऊन खोक्यातून निघून जातो. तो कुठल्या यंत्रात बसणार, हे अनेकदा घडवणाऱ्या हातांनाही ठाऊक नसतं. तरीही मुरलेला फिटर तो भाग हातात घेऊन बरंच काही सांगू शकतो. कसं? तो चार गोष्टी पाहतो.

पहिली, धातू. कुणीही महाग धातू उगाच वापरत नाही. तांबं दिसलं तर वीज किंवा उष्णता वाहून न्यायची असणार. पोलादाच्या दांड्याभोवती ब्राँझची नळी असेल तर आत काहीतरी फिरत असणार आणि झीज नळीनं सोसायची असणार. दुसरी, झीज. वापरलेला भाग जिथे चकचकीत झाला असेल, तिथेच त्याचं काम चालत होतं. तिसरी, आटे. ते नेहमीच्या दिशेचे की उलटे? सायकलचं डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, कारण सरळ आट्यांचं केलं तर पाय मारता मारता ते सैल होत जाईल. टेबल फॅनच्या पात्यापुढची टोपीही बहुधा याच कारणानं उलटी फिरवावी लागते. उलटे आटे दिसले, की हा भाग फिरणाऱ्या गोष्टीवर बसत असावा, असा तर्क करायला हरकत नाही. चौथी गोष्ट म्हणजे दाते. ते मोजावेत. दात्यांचा आकडा कधीच लहरीनं ठरवलेला नसतो.

हा शेवटचा नियम किती दूर नेऊ शकतो, याचं जगातलं सर्वांत मोठं उदाहरण ग्रीसचं आहे. १९०० साली अँटिकिथेरा बेटाजवळ स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना एक प्राचीन बुडालेलं जहाज सापडलं. वर आणलेल्या पुतळ्यांच्या घोळक्यात गंजलेल्या ब्राँझचा एक गोळाही होता. १९०२ साली व्हॅलेरिओस स्टाइस यांना त्यात दातेरी चाक दिसलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तूत दातेरी चाकं? कुणी नक्षत्रयंत्र म्हटलं, कुणी आणखी काही. मग एक्स-रे आले. डेरेक डी सोला प्राइस यांनी १९७४ साली त्यावर मोठा प्रबंध लिहिला. २००६ साली टोनी फ्रीथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुख्य कोड्यातला एक आकडा पक्का केला. एका चाकाला २२३ दाते होते. खगोल जाणणाऱ्याला हा आकडा ओळखीचा आहे. २२३ चांद्रमासांनी, म्हणजे सुमारे १८ वर्षं आणि ११ दिवसांनी, तशाच ग्रहणांची मालिका पुन्हा सुरू होते. तो गंजका गोळा म्हणजे ग्रहणं सांगणारं ब्राँझचं पंचांग होतं, हे त्याच्या दात्यांनी सांगितलं!

पण या सगळ्या संशोधकांनी एक गोष्ट केली नाही. आत काय आहे ते पाहायला त्यांनी हातोडा घेतला नाही. आणि इथेच गंमत संपते.

२०१० च्या फेब्रुवारीत दिल्ली विद्यापीठानं वर्षानुवर्षं वापरात नसलेलं प्रयोगशाळेतलं एक यंत्र लिलावात काढलं. ते पश्चिम दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात पोहोचलं. यंत्राच्या पोटात कोबाल्ट-६० होतं आणि त्याभोवती शिशाचं जाड कवच. भंगारवाल्यांना शिसं दिसलं. शिशाला भाव येतो. कवच फोडलं गेलं, आतले तुकडे दुकानादुकानांत पसरले, एकानं तर छोटासा तुकडा पाकिटात ठेवला. एप्रिलमध्ये माणसं रुग्णालयात दाखल होऊ लागली. कातडी भाजल्यासारखी काळी, केस गळालेले. त्यांच्यापैकी एकाचा मृत्यू झाला.

त्याआधी १९८७ साली ब्राझीलच्या गोयानिया शहरात असंच घडलं होतं. ओस पडलेल्या दवाखान्यातून किरणोपचाराच्या यंत्राचा एक भाग भंगारात गेला. फोडल्यावर आत अंधारात निळसर चमकणारी भुकटी निघाली. इतकी सुंदर, की ती घरी नेली गेली, नातलगांत वाटली गेली. ते सीझियम-१३७ होतं. चार माणसं दगावली. त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती.

या दोन्ही ठिकाणची माणसं मूर्ख नव्हती. धातू ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण त्यांनी विचारलेला प्रश्न वेगळा होता. ‘हे कशासाठी असं केलं असेल?’ याऐवजी ‘याचे किती येतील?’ एवढं जाड, एवढं जड, एवढं महाग शिसं कुणी एखाद्या वस्तूभोवती का लावेल? फिटरचा पहिलाच नियम लावला असता, तर ते शिसंच ओरडून सांगत होतं, की आत कोंडून ठेवण्यासारखं काहीतरी आहे.

जिथे कारखाने, दवाखाने आणि प्रयोगशाळा आहेत, तिथे भंगार आहेच. मग तो आनेकल तालुका असो, पिंपरी-चिंचवड असो की ठाणे-बेलापूर पट्टा. मुलं खेळता खेळता काहीही उचलून आणतात. म्हणून घरातल्या प्रत्येकाला चार गोष्टी ठाऊक हव्यात. पिवळ्यावर मधोमध ठिपका आणि भोवती तीन पाती असं चिन्ह दिसलं, तर त्या वस्तूला हात लावू नये. २००७ पासून अशा धोकादायक वस्तूंसाठी लाल त्रिकोणात कवटी आणि पळणारा माणूस असंही चिन्ह वापरात आलं आहे. आकाराच्या मानानं फारच जड असलेली, पक्की बंद केलेली धातूची डबी फोडू नये. दाबून बसवलेली स्प्रिंग आणि बंद नळकांडं उघडू नये. जुन्या टीव्हीतला कपॅसिटर वायर काढल्यावरही झटका देऊ शकतो. शंका आली तर वस्तू जागेवरच सोडून दूर व्हावं, इतरांना दूर ठेवावं आणि ११२ वर कळवावं. देशात अशा किरणोत्सारी साधनांवर देखरेख ठेवणारं अणुऊर्जा नियामक मंडळ मुंबईत आहे.

म्हणजे कुतूहल सोडायचं का? मुळीच नाही! आधी पाहावं, मग मोजावं, मग विचारावं, आणि उघडायचं ते सर्वांत शेवटी. यातली ‘विचारावं’ ही पायरी आपण हल्ली गाळतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते आणि वज्र्या आज कळतात, कारण दिनकर केळकरांनी त्या जमवल्या तेव्हा त्या वापरणारी माणसं होती आणि वस्तूंबरोबर त्यांची नावंही जपली गेली. नाहीतर सुपारी न खाणाऱ्या मुलखात अडकित्ता हे शस्त्र ठरलं असतं आणि पायाची टाच घासायची वज्री एखादं खेळणं!

घरोघरी असा एक डबा असतोच. शिलाई मशीनचे चित्रविचित्र पाय, सोऱ्याच्या चकत्या, रॉकेलच्या स्टोव्हची पिन, कुठल्याशा कुलपाची किल्ली. आजीला त्यातला प्रत्येक तुकडा माहीत आहे, नातवाला एकही नाही. एखाद्या रविवारी दोघांनी मिळून तो डबा ओतावा. नातवानं आधी तर्क लढवावेत, आजीनं नंतर उत्तर सांगावं, आणि प्रत्येक तुकड्याला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधावी. त्यावर दोनच गोष्टी लिहायच्या. हे काय आहे आणि कशासाठी आहे.