पोलिसांचें मैदान आणि आमचीं पोरें

आमच्या तालुक्याच्या गांवाबाहेर पोलिसांच्या शिक्षणासाठीं केलेलें एक मैदान आहे. धांवण्याची गोल वाट, उड्यांचे खड्डे, चढण्याची भिंत, आणि टेकडीच्या पोटाशीं नेमबाजीची जागा. सारें लोकांच्या पैशानें झालें. वर्षांतून फार तर दोन महिने तेथें माणूस दिसतो. बाकीचे दहा महिने फाटकाला कुलूप आणि आंत बाभळी. त्याच फाटकासमोरून आमच्या गांवचीं पोरें पहांटेच्या अंधारांत डांबरी सडकेनें धांवत जातात, कारण त्यांना दुसरी जागा नाहीं.

ज्यांचीं मुलें शहरांत शिकतात त्यांस ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु कुणबी, माळी, धनगर, मातंग यांच्या घरच्या पोराला शाळा सुटल्यावर जी एक सरकारी चाकरी हाताच्या टप्प्यांत दिसते ती पोलीसशिपायाची. २०२४ सालीं राज्यांत १७,४७१ जागा निघाल्या, अर्ज आले १७ लाखांवर. मैदानी परीक्षेला ५० गुण. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धांवणें, शिवाय १०० मीटर व गोळाफेक. २०१४ च्या जून महिन्यांत मुंबईच्या भरतींत ५ किलोमीटर धांवतांना उमेदवार मृत्युमुखीं पडले होते. अशा परीक्षेला पोर बिनसरावाचें पाठवावयाचें तरी कसें? मुलींचें तर विचारूंच नका. अंधारांत सडकेवर लेकीला कोण धाडतो? तिचा सराव अंगणांतच संपतो.

आमच्या हाताखालीं शिकलेल्या एका मुलाला याच सडकेवर दुधाच्या टेंपोनें उडविलें. मांडीचें हाड मोडलें, भरतीची तारीख गेली, पुढच्या खेपेस वय गेलें. बाप दुसऱ्याच्या शेतावर सालानें आहे. त्या दिवशींही फाटकाला कुलूप होतें.

पोलीस खात्याची बाजू आम्हीं ऐकली आहे, आणि ती अगदींच खोटी नाहीं. मागें हें मैदान होमगार्डांना व वनखात्याला वापरावयास दिलें होतें. वापरलें सर्वांनीं, सांभाळलें कोणीं नाहीं. पाण्याची तोटी मोडली तेव्हां एका कचेरीनें दुसरीला लिहिलें, दुसरीनें तिसरीला. कागद फिरत राहिले आणि पाणी वाहत राहिलें. पावसानें वाटेवर घळी पडल्या. नेमबाजीच्या मागचा मातीचा बांध खचला, आणि त्यापलीकडे गुरें चरतात. मग साहेबांनीं कुलूप ठोकलें. बांधापुरतें बोलावयाचें तर त्यांच्या जागीं आम्हींही तेंच केलें असतें. पण बांध खचला म्हणून धांवण्याची वाट बंद, हें कोणतें शहाणपण?

शेतकऱ्याला असला प्रश्न पडत नाहीं. एका विहिरींत चार भावांच्या पाती असतात. ज्याची चार आणे पाती त्याची आठांतून दोन दिवस पाळी, आणि गाळ काढण्याच्या खर्चांतही चार आणे. पाळीवरून भांडणें होतात, क्वचित् डोकींही फुटतात, पण त्यापायीं विहीर बुजूं दिल्याचें आम्हीं पाहिलें नाहीं. धुळें जिल्ह्यांत पांझरा नदीवर फडाची पद्धत कैक पिढ्या चालत आली. तेथें पाट साफ ठेवणें पाणी घेणाऱ्यांकडे, आणि पाणी सोडणारा पाटकरी सर्वांच्या विचारानें नेमलेला. अडाणी म्हणून ज्यांस हिणविलें त्यांना हें साधलें. शिकल्यासवरल्या कचेऱ्यांना साधूं नये?

१९४६ सालीं मुंबई इलाख्यांत होमगार्ड निघाले ते पोलिसांच्या मदतीसाठींच. यात्रेंत, निवडणुकींत दोघे एकाच नाक्यावर बंदोबस्ताला उभे राहतात. मग कवाइतीला जागा वेगळी कशाला? वनरक्षकाच्या भरतींतही मुलांना ५ व मुलींना ३ किलोमीटर धांवावें लागतें. आमचें म्हणणें एवढेंच कीं मालकी पोलिसांची राहूं द्या. नेमबाजीच्या जागेला निराळें कुंपण घाला, बांध नीट करा, तिची किल्ली पोलिसांखेरीज कोणाकडे नको. उरल्या मैदानाचा एक कागद करा: कोणत्या खात्याची पाळी कोणत्या दिवशीं, आणि त्या दिवसांच्या हिशेबानें दरसाल त्याचा वांटा किती. त्या पैशांतून एक पगारी रखवालदार नेमा. तोच आमचा पाटकरी. तोटी मोडली तर त्यानें दुरुस्त करावी, पत्रें लिहीत बसूं नये. पहांटे ५ ते ७ ही पाळी गांवच्या मुलामुलींची. त्यांच्याजवळ पैसा नाहीं, पण पावसाळा सरला कीं घळी बुजविणें व बाभळी तोडणें तीं करतील. आम्ही मास्तर आहोंत, पोरांना कामाला लावणें एवढें तरी आम्हांस येतें.

या मजकुराचा अर्ज पांच गांवच्या सरपंचांच्या सह्यांनिशीं आम्हीं वरिष्ठांकडे पाठविला आहे. पोंच मिळाली. आणखी कांहीं मिळाल्यास याच पत्रांतून कळवूं. तोंवर दुधाच्या टेंपोवाल्यांनीं त्या फाटकापाशीं पहांटे गाडी हळू हांकावी.