आधी अंगण, मग क्लास



दिवाळीच्या आधी सुनेचा मुंबईहून फोन आला. "मम्मी, शाळेतून पुन्हा तक्रार आलीय. हा एका जागी बसतच नाही म्हणे. आमच्या सोसायटीत मेंदूला चालना देण्याचा क्लास सुरू झालाय. घालू का?" नातू साडेचार वर्षांचा, ज्युनिअर केजीत. तीन महिन्यांची फी 18,000 रुपये. तिने पाठवलेल्या व्हिडिओत एक मुलगी डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक वाचत होती. शिवाय सगळी मुलं उजव्या हाताने डावा गुडघा आणि डाव्या हाताने उजवा गुडघा शिवण्याचे व्यायाम करत होती.

मी पडले बी.कॉम., त्यामुळे पैसे देण्याआधी माल काय आहे ते बघायची सवय. पट्टी बांधून वाचण्यात मेंदूची करामत काही नाही. नाकाच्या बाजूला फट राहते आणि तिथून खालचं दिसतं. विवेकवादी कार्यकर्त्यांनी हे अनेकदा दाखवून दिलंय. त्यात वाईट हे की मुलाला फटीतून बघून "मला दिसत नाही" म्हणायची सवय लागते. सत्य हे आपलं व्रत. ते पैसे भरून मोडायला का शिकवायचं?

गुडघ्याच्या व्यायामाने नुकसान काहीच नाही, मुलं हसतात, दमतात. पण त्याने मेंदूचे दोन भाग जोडले जातात आणि मार्क वाढतात, हे संशोधनात सिद्ध झालेलं नाही. सिद्ध झालेली गोष्ट साधी आहे: लहान मुलाला भरपूर हालचाल लागते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं की 3 ते 4 वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल करावी. त्यातली 60 मिनिटं धावणं-उड्या मारणं अशी दमवणारी असावीत आणि स्क्रीन एका तासापेक्षा जास्त नको. आपल्या भाषेत सांगायचं तर 180 मिनिटं म्हणजे बरोबर पावणेचार सामायिकं, फक्त बसून नाही, हलून करायची!

मग मी सुनेबरोबर नातवाच्या दिवसाचा ताळेबंद मांडला. व्हॅनमध्ये येऊन-जाऊन एक तास, शाळेत बाकावर साडेतीन तास, गृहपाठ, जेवताना मोबाईल, संध्याकाळी टीव्ही. खाली बागेत जेमतेम अर्धा तास. म्हणजे रोज अडीच तासांची तूट! ज्याला दिवसभर बांधून ठेवलंय तो वर्गात चुळबूळ करणार नाही तर काय करणार?

मैत्रिणींनो, या प्रश्नाचं उत्तर आपल्या घोलवडच्या शेजारीच शोधलं गेलंय. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम केलं होतं. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तेव्हाच त्यांच्याबरोबर आल्या आणि पुढे आयुष्यभर इथेच राहिल्या. वस्तीतली मुलं शाळेत येत नव्हती, म्हणून या बायांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. 1975 मध्ये सरकारची बालविकास योजना आली आणि हा शब्द देशभर गेला. 1957 मध्ये हे काम वारली मुलांसाठी कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आपण कोसबाडला मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनाला जातो, पण या टेकडीची गोष्ट मुलांना कितीजणी सांगतो?

माँटेसरी पद्धतीची साधनं महाग होती. ताराबाईंनी त्याऐवजी शिंपले, दगडगोटे, बिया, पानं घेतली. मुलं ती मोजत, लहान-मोठी लावत, त्यांच्या ओळी करत. हातपाय हलवत गाणी म्हणत, बागेत काम करत. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा काढली. शिक्षक मुलांच्या मागे कुरणात! ही मुलं बसत नाहीत म्हणून ती मंद आहेत, असं या बायांनी ठरवलं नाही. शिकवण्याची जागा बदलली.

यामागचं कारण समजायला अवघड नाही. पेन्सिल धरायला बोटांत जोर हवा, बोटं नीट चालायला मनगट आणि खांदा स्थिर हवा, आणि खांदा स्थिर राहायला पाठ-पोट बळकट हवं. हे सगळं चढून, लोंबकळून, ओढून, उचलून येतं. पाच बिया आणि दोन बिया हातात धरल्या की पाच-दोनातला फरक कळतो. कागदावरचा आकडा त्यानंतरचा.

दिवाळीत नातू आठ दिवस इथे होता. सकाळी पाणी गाळताना गळण्याचं एक टोक त्याच्या हातात दिलं. हळू ओतायचं, सांडायचं नाही, कारण पाण्यातही जीव आहेत. ही जयणाही झाली आणि हाताचा व्यायामही. चिकू आले की लहान, मध्यम, मोठे असे तीन ढीग त्याने करायचे, मग मोजायचे. शेंगा सोलायच्या, कणकेचा गोळा मळायचा. संध्याकाळी बोर्डीच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत काठीने अक्षरं. तिथे त्याने "क" आडवा-उभा हात फिरवून मीटरभर मोठा काढला. वहीत हाच "क" काढताना तो रडतो.

आपल्या पाठशाळेबद्दलही सांगते. चार-पाच वर्षांच्या मुलांना तासभर बसवून आपण सूत्रं घोकून घेतो. आपल्या क्रियांमध्ये हालचाल काय कमी आहे? खमासमणात दोन गुडघे, दोन हात आणि मस्तक अशी पाच अंगं जमिनीला लागतात. देरासरात तीन प्रदक्षिणा असतात. मुलांना आधी हे मनापासून करू द्या, मग दहा मिनिटं बसवा. स्थिर बसणं ही फार मोठी साधना आहे. आपल्याला साठीत जमत नाही, ते चौथ्या वर्षी कसं मागायचं?

एक मात्र सांगते. मूल वेळेवर बोलत नसेल, हाक मारली तरी बघत नसेल, सारखं पडत असेल, तर अंगणाच्या भरवशावर राहू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. क्लासवाल्याला नव्हे.

हे सगळं मी सुनेला ऐकवलं खरं, पण आतून मला माझा मुलगा आठवत होता. चौथ्या वर्षी त्याला मी रोज पाटीवर बसवायची. तो चिकूच्या झाडावर चढला की खाली ओढून आणायची. शेजारच्या मुलाला शंभरपर्यंत येतं, याला का नाही, एवढंच माझ्या डोक्यात. त्याला शंभर आले, पण शाळेची भीती पुढे कित्येक वर्षं गेली नाही. त्या वयात बोर्डी-कोसबाडचं काम माझ्या घराशेजारी चालू होतं आणि मी ते "गरिबांच्या मुलांसाठी" समजत होते. या संवत्सरीला मी मुलाकडे त्याबद्दल क्षमा मागितली. तो हसला. म्हणाला, "मम्मी, मग याला तरी चढू दे."

सुनेने क्लासचे पैसे भरलेले नाहीत. आता रोज शाळेतून आल्यावर दीड तास खाली जायचं ठरलंय, मोबाईल वरच ठेवून. नातू वर्गात अजून चुळबूळ करतो, तक्रार परवाही आली. पण जेवताना मोबाईल मागत नाही आणि रात्री नऊला झोपतो. माझ्या हिशेबात एवढी जमा पुरेशी आहे.

लिहिताना कोणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.